एचआयव्ही आणि टीबी दोन्ही आहेत, हिमोग्लोबिन ६.८ वरून हलत नाही. लोहाची सलाईन द्यावी का?

रानजाई | ९ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:५०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा आणि तोही असा. गावाचं नाव सांगणार नाही, समजून घ्या.

माझी आत्या, वय ४६. सांगली जिल्ह्यात, द्राक्षपट्ट्यात राहते. मामा (तिचे यजमान) २००९ साली गेले तेव्हा हिचीही तपासणी झाली आणि एचआयव्ही निघाला. २०११ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू. बारा वर्षं एक दिवस चुकवला नाही असं ती अभिमानानं सांगायची. मग गावातल्या कुणीतरी तिला एआरटी सेंटरच्या रांगेत बघितलं, बेदाण्याच्या शेडवर कुजबुज सुरू झाली आणि बाईनं जाणंच बंद केलं. आम्हाला पत्ताच नाही. मी पुण्यात, फोनवर विचारलं की "घेते गं" म्हणायची.

दिवाळीनंतर ताप, मानेला गाठ, वजन ४५ चं ३६. गाठीतलं पाणी काढून तपासलं, सीबीनॅट या जनुकीय चाचणीत टीबी निघाला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा. १८ जानेवारीपासून टीबीच्या गोळ्या, रोज तीन. एआरटी ४ फेब्रुवारीला परत चालू केली. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ८४.

प्रश्न रक्ताचा आहे. टीबी कळायच्या आधी गावच्या डॉक्टरांनी "रक्त कमी आहे" म्हणून दोन महिने लोहाच्या कॅप्सूल दिल्या. शिवाय बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, काळ्या मनुका. (बेदाणा निवडणाऱ्या बाईला मनुकांचं काय कौतुक, पण खाल्ल्या.) नोव्हेंबरात ७.४ होतं, परवा ६.८ आलं. आता ते डॉक्टर म्हणतात, लोहाची सलाईन लावू, पटकन वाढेल. घरी काकूचं म्हणणं वेगळंच. टीबीच्या गोळ्या उष्ण पडल्या, त्यांनी रक्त आटवलं, आठ दिवस बंद ठेवा.

दोघांपैकी कुणाचं ऐकू? रिपोर्ट लिहिते: हिमोग्लोबिन ६.८, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ७९, पांढऱ्या पेशी ३,२००, प्लेटलेट २ लाख ९० हजार, ईएसआर (अंगातल्या जळजळीचा अंदाज) ११८, फेरिटिन ७१२, क्रिएटिनिन ०.७.

गवतीचहा | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

काळजी घ्या. बीटाचा रस रोज एक ग्लास, त्यात गाजर. माझ्या जावेचं महिन्यात दोन पॉइंट वाढलं होतं.

टेस्टट्यूब | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

रानजाई, मी मिरजेकडचाच, बावीस वर्षं लॅबमध्ये काढली. डॉक्टर नाही, आकडे वाचता येतात एवढंच.

काकूंना तारखा दाखवा. ७.४ नोव्हेंबरातलं, गोळ्या १८ जानेवारीच्या. म्हणजे रक्त आधीच उतरलेलं होतं. गोळ्या बंद करू नका, एक दिवसही नाही. अर्धवट टीबीचं काय होतं ते आम्ही थुंकीच्या काचपट्टीवर बघतो.

दुसरं, तुमच्या यादीतला सगळ्यात बोलका आकडा हिमोग्लोबिनचा नाही, फेरिटिनचा आहे. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज. लोह खरंच संपलेलं असेल तर हा आकडा १०, १५ असा येतो. तुमच्याकडे ७१२. तासगावच्या बेदाणा बाजाराच्या भाषेत सांगायचं तर माल कोल्ड स्टोरेजला पडून आहे, सौद्याला येत नाहीये. अशा वेळी आणखी गाड्या भरून स्टोरेजला नेल्या तर सौदा वाढेल का?

तिढा एवढाच की फेरिटिन जळजळ असली, ताप असला, की आपणहून फुगतं. त्यामुळे ७१२ मधलं खरं लोह किती आणि टीबीनं फुगवलेलं किती, हे एका कागदावर कळत नाही. ईएसआर ११८ बघता फुगवटा भरपूर आहे. म्हणूनच आजारी माणसात फेरिटिन कमी नाही म्हणजे लोह पुरेसं आहे असंही म्हणता येत नाही. डब्ल्यूएचओनं संसर्ग असलेल्या मोठ्या माणसांसाठी लोह कमी म्हणायची रेघ ७० वर ठेवलीय, निरोगी माणसात ती १५ आहे.

रेटिक काउंट केलाय का? नसेल तर करून घ्या, स्वस्त टेस्ट आहे. अस्थिमज्जा नवीन पेशी काढतेय की हात टेकून बसलीय, ते त्यात दिसतं.

खडीसाखर | १० फेब्रुवारी, सकाळी ९:०२

गवतीचहा, बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही हो. तसं असतं तर कलिंगड विकणाऱ्यांच्या घरी कुणालाच ॲनिमिया झाला नसता. अळीव खा, तीळ, राजगिरा, हिरव्या भाज्या, वर लिंबू पिळा. मांसाहारी असाल तर कलेजी. आणि जेवणाबरोबर चहा नको.

बावनकशी | १० फेब्रुवारी, दुपारी २:४०

मी फिजिशियन आहे, सरकारी रुग्णालयात. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण चित्र ओळखीचं आहे आणि टेस्टट्यूब यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय.

टीबीचा जंतू लोहावर जगतो. शरीराला हे फार जुनं ठाऊक आहे, म्हणून संसर्ग झाला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं. ते दोन कामं करतं: आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही आणि पेशींत साठलेलं बाहेर पडू देत नाही. हेतू असा की जंतूची उपासमार व्हावी. पण त्याच पंगतीत अस्थिमज्जाही उपाशी राहते. तुमच्या आत्यांनी दोन महिने कॅप्सूल घेतल्या आणि काही झालं नाही, याचं कारण त्या बहुतेक आतड्यातच अडल्या. शिवाय लाल पेशी बनवायचा निरोप किडनी पाठवते, तो निरोपही अशा आजारात क्षीण होतो आणि तयार पेशींचं आयुष्य घटतं. एचआयव्ही स्वतंत्रपणे हेच करतो. दोन्ही एकत्र आले की दोघांचा हिशेब एकाच खात्यात लागतो. एचआयव्ही-टीबी दोन्ही असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन व्यवस्थित आहे असं माझ्या ओपीडीत क्वचितच दिसतं.

उलटंही खरं आहे. एआरटीवरच्या माणसाचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरायला लागलं तर आधी टीबी शोधावा. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं या चार गोष्टी आम्ही दर भेटीत विचारतो. रक्त कमी होणं त्या चौघांत नाही, पण मी मनातल्या मनात पाचवं म्हणून धरतो. नोव्हेंबरात ७.४ बघून कुणी कॅप्सूल लिहिण्याऐवजी मान चाचपली असती तर दोन महिने वाचले असते. असो, बोलून उपयोग नाही, आम्हीही चुकतो.

आता सलाईन. माझं मत: आत्ता नको. आतडं चुकवून लोह थेट शिरेत गेलं तरी ते त्याच पेशींत जाऊन बसेल आणि टीबी जोरात असताना जंतूला खाद्य मिळण्याची भीती आहेच. ही भीती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या त्रूसो या डॉक्टरांनी क्षयाच्या रुग्णांना लोह देऊ नका असं बजावलं होतं, तेव्हा जंतू सापडायचा होता. १९७८ साली सोमाली भटक्या लोकांवरचा अभ्यास छापून आला. त्यांच्यात लोहाची कमतरता होती, म्हणून काहींना लोह दिलं, तर त्याच गटात मलेरिया, टीबी असे दबून असलेले आजार जास्त उफाळले.

टीबीचा उपचार हाच आत्ता या ॲनिमियाचा उपचार आहे. बहुतेकांचं रक्त त्यानंच चढतं, लोहाचा एक कण न देता. पण वेळ लागतो, महिने लागतात. पहिल्या महिन्यात आकडा हलला नाही तर घाबरू नका.

माळरान | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

डॉक्टरसाहेब, माफ करा, पण माझ्या आईचं ६ होतं. लोहाच्या सलाईनच्या पाच बाटल्या, महिन्यात १०. उगाच लोकांना घाबरवू नका. ६.८ वर माणूस जिना चढू शकत नाही आणि तुम्ही महिने थांबा म्हणता.

बावनकशी | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

आईंना टीबी होता का? पाळी जाताना अंगावरून जास्त जाणं, मूळव्याध, असं काही? तिथं लोह खरंच वाहून गेलेलं असतं आणि सलाईन उत्तम काम करते. मीच दर आठवड्याला लिहितो. आकडा तोच, कारण वेगळं.

आणि ६.८ वर महिने थांबा असं मी म्हटलेलं नाही. दम लागत असेल, छाती धडधडत असेल, तर एक पिशवी रक्त द्यायचा विचार करावा. पॅक सेलच्या (नुसत्या लाल पेशींच्या) एका पिशवीनं साधारण १ ग्रॅम वाढतं. ते दुरुस्त करत नाही, वेळ मिळवून देतं.

माळरान | १० फेब्रुवारी, रात्री ९:४४

मूळव्याध होती. ठीक आहे, पटलं.

सात_वाजताची_गोळी | १० फेब्रुवारी, रात्री ११:५५

मी स्वतः पॉझिटिव्ह, २००५ पासून. रानजाई, तुमच्या आत्याला माझा नमस्कार सांगा. बारा वर्षं न चुकवणारी बाई परत रांगेत उभी राहिली, हे सोपं नाही.

काकू गोळ्यांना दोष देतात त्यावर मी हसणार नाही, कारण माझं रक्त खरोखर गोळ्यांनीच आटवलं होतं. सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मला २००७ मध्ये मिळाली. तेव्हा झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेविरापिन अशी तिघांची जोडगोळी, आम्ही झेडएलएन म्हणायचो. सुरू करताना हिमोग्लोबिन ११. सातव्या आठवड्यात बसमधून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी, सिव्हिलला नेलं, ५.६. तीन पिशव्या लागल्या. झिडोव्हुडिन बंद करून स्टाव्हुडिन दिलं. रक्त चढलं, पण वर्षा-दीड वर्षात गाल असे बसले की शेजारीण विचारायला लागली, दात काढले का. गालावरून माणूस ओळखू यायचा तेव्हा. पुढे स्टाव्हुडिन सरकारनंच बंद केलं.

आता टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डॉल्युटेग्रॅविर एकाच गोळीत) मिळते, तिच्यात झिडोव्हुडिन नाही. त्यामुळे आत्याच्या बाबतीत तो संशय नको. पण जुन्या लोकांना विचारलं तर "एआरटीनं रक्त जातं" असंच सांगतील, आमच्या पिढीनं ते बघितलंय.

टेस्टट्यूब | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

सात_वाजता, तुमच्या काळातली एक गंमत. झिडोव्हुडिन घेणाऱ्याचा एमसीव्ही १०० च्या वर जायचा, पेशी फुगायच्या. आमच्या इथल्या एआरटीच्या मॅडम रिपोर्ट बघून ओळखायच्या: "एमसीव्ही ८२ आलाय, गोळ्या घेत नाहीस ना रे?" पोरगा अवाक!

चिंचगूळ | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

मी एआरटी सेंटरला समुपदेशक होते, आता सोडलं. औषधांचं वर डॉक्टरांनी सांगितलंय, मी वेळांचं सांगते, कारण घरी घोळ तिथं होतो.

रिफाम्पिसिन चालू असताना ते डॉल्युटेग्रॅविरला शरीरातून लवकर बाहेर काढतं. म्हणून टीएलडीच्या गोळीशिवाय बारा तासांनी डॉल्युटेग्रॅविर ५० ची एक जादा गोळी असते. आत्यांच्या पिशवीत ती आहे का, आज बघा. खूप जण "तीच गोळी दोनदा दिलीय" समजून बाजूला ठेवतात. टीबीचा कोर्स संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची असते.

आणि हे कुणी सांगत नाही: लोह आणि कॅल्शियम डॉल्युटेग्रॅविरला पोटात धरून ठेवतात, औषध अंगी लागत नाही. पुढे कधी लोहाची गोळी सुरू झाली तर डॉल्युटेग्रॅविर तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. नाहीतर दोन्ही भरल्या पोटी जेवणाबरोबर, मग चालतं. उपाशीपोटी एकत्र नाही. गावच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं माहीत नसेल तर ते बिचारे टॉनिक लिहून मोकळे होणार. त्यांना सांगितलंय का?

बी-सिक्सची गोळी चालू आहे ना? टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनायझिडमुळे ते जीवनसत्त्व कमी पडतं, पायाला मुंग्या येतात, क्वचित रक्तावरही परिणाम होतो. सेप्ट्रान (इतर संसर्ग टाळायची गोळी) पण सीडी४ वर येईपर्यंत सोडायची नाही.

लघवी केशरी होईल, ती रिफाम्पिसिनची. "रक्त लघवीतून चाललंय" असं समजून एका आजींनी गोळ्या ओढ्यात टाकल्या होत्या, म्हणून सांगते.

निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी मिळणारे सरकारी पैसे येतात का? नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे महिना १,००० झालेत. बँक खातं जोडलेलं नसेल तर टीबीच्या सुपरवायझरला गाठा. थोडे आहेत, पण अंडी आणि दूध होतं.

रानजाई | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. रडू आलं वाचून, चांगल्या अर्थानं.

चिंचगूळताई, जादा गोळी पिशवीत होती, अख्खं पाकीट, न फोडलेलं. तिला वाटलं पुढच्या महिन्याची आहे. आजपासून सुरू, सकाळी नऊ आणि रात्री नऊ.

गावच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलेलं नाही. आत्या म्हणते त्यांचा कंपाउंडर आमच्या भावकीतला. मागे एका लॅबनं तिच्या फॉर्मवर कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलं होतं आणि तो फॉर्म काउंटरवर उघडा पडला होता. तेव्हापासून ती कुणालाच सांगत नाही.

सात_वाजताची_गोळी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४०

ते लाल पेन मलाही माहितीय. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू, संमतीशिवाय असं उघड करता येत नाही. पण कायदा वहीत आणि भावकी ओट्यावर. तिला सक्ती करू नका. रक्ताचं सगळं एआरटी सेंटरच्याच डॉक्टरांना दाखवा, तिथं लपवायचं काही नसतं.

निगुडकर_वैद्य | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:००

कुणी विचारायच्या आत सांगतो, मी वैद्य आहे. लोहभस्म, मंडूर यांची आठवण काढणारे येतीलच. माझा सल्ला: टीबीचा कोर्स संपेपर्यंत यकृतावर आधीच तीन औषधांचा भार आहे, त्यात माझी भर नको. आहार करा. मऊ भात, मुगाचं कढण, अंडी, तूप.

खडीसाखर | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:३५

वैद्यबुवांना साष्टांग! हे वाक्य मी फ्रेम करणार.

आहारावरून आठवलं. झारखंडमध्ये आयसीएमआरच्या पैशातून झालेला रेशन्स हा अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचं धान्य-डाळ दिली, तर त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. औषध नाही, तांदूळ आणि डाळ! आत्याच्या घरी आणखी कोण आहे? तेही नीट जेवतात ना, बघा. तपासणीही करून घ्या.

रानजाई | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

सेंटरच्या डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. दम लागत होता, पाय सुजले होते. एक पिशवी रक्त दिलं, अगदी हळू, चार तास. सलाईनला तेही नको म्हणाले, जवळजवळ बावनकशी सरांचेच शब्द. बी-१२ बघितलं, ठीक आलं. रेटिक ०.६ टक्के. टेस्टट्यूबदादा, म्हणजे हात टेकून बसलीय ना?

घरी आई-मुलगा दोघंच. मुलाची तपासणी झाली, एक्स-रे स्वच्छ.

रक्त दिल्यावर ७.९.

टेस्टट्यूब | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००

हो, बसलीय. पण बसलेली उठते. महिन्यानं परत करा.

रानजाई | १० मार्च, रात्री ११:३०

वाईट बातमी. मानेची गाठ दुप्पट झाली, काखेत नवी आली, ताप १०२. वजन मात्र दीड किलो वाढलंय. हिमोग्लोबिन ७.५. काकू म्हणाली, "सांगितलं होतं." मला काही सुचत नाही. औषधं लागू पडत नाहीत का? एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) तर नसेल?

बावनकशी | ११ मार्च, सकाळी ६:२०

सकाळीच सेंटरला न्या. एमडीआर नाहीच असं इथून म्हणता येत नाही, ते तपासतील. पण एआरटी सुरू होऊन पाच आठवडे, सीडी४ ८४ वरून सुरुवात, वजन वाढतंय आणि गाठी फुगतायत, यात माझ्या डोक्यात पहिलं नाव आयरिस येतं. आतापर्यंत झोपलेली प्रतिकारशक्ती एआरटीनं जागी झाली आणि आता तिला टीबीचे जंतू दिसायला लागलेत, मेलेले आणि जिवंत सगळेच. ती हल्ला करते, त्यानं गाठी सुजतात. औषध काम करतंय म्हणूनच हे होतं, पण माणसाला वाटतं उलटं. जळजळ वाढली की हेप्सिडिन परत वाढतं, म्हणून हिमोग्लोबिनही घसरतं.

दोन्ही औषधं बंद करू नका. गरज असेल तर ते स्टेरॉइड देतील.

माळरान | ११ मार्च, सकाळी ७:०५

रानजाई, गाडी हवी असेल तर सांगा. मी कवठेमहांकाळला असतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

रानजाई | १६ मार्च, रात्री ९:००

आयरिसच निघालं. गाठीतून परत नमुना घेतला, रिफाम्पिसिनला दाद देतोय. प्रेडनिसोलोन सुरू, तिसऱ्या दिवशी ताप गेला. माळरानदादांनी दोन्ही वेळा गाडीनं नेलं-आणलं, डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. मी यांना ओळखत नव्हते हो महिन्यापूर्वी.

विदर्भवीर | १८ मार्च, दुपारी १:१५

वाचतोय सगळं. आमच्याकडं मोठ्या भावाले एमडीआर होता, लिनेझोलिड चालू होतं. त्यानंही रक्त लय उतरते, दर पंधरा दिवसानं सीबीसी करा लागे, ९ च्या खाली गेलं का डोस कमी. म्हणून म्हणतो, टीबीच्या औषधानं रक्त कधीच जात नाही असं समजू नका, कोणतं औषध आहे ते पाहा. तुमच्या आत्याच्या गोळ्यांत ते नाही, ते बरं.

रानजाई | ४ मे, रात्री १०:००

बरेच दिवसांनी. हिमोग्लोबिन ९.१! रक्त दिलं नाही, लोह नाही, आपोआप. वजन ४१. ईएसआर ३४.

पण एक कोडं. एमसीव्ही ७४ वर आला, म्हणजे आधीपेक्षा खाली. फेरिटिन ३१. सातशेचं ३१? गेलं कुठं?

टेस्टट्यूब | ५ मे, सकाळी ६:४५

रानजाई, हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. फुगवटा उतरला आणि खालचा तळ दिसला. टीबी शांत झाला, कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं, होता तेवढा माल नवीन पेशी बनवण्यात गेला. आणि माल मुळात होताच थोडा. आता हा आकडा खरा आहे. पाळीचं विचारा त्यांना.

बावनकशी | ५ मे, दुपारी ३:००

बरोबर. लोहाची कमतरता पहिल्यापासून असणार, टीबीच्या गोंगाटात ऐकू येत नव्हती. भारतात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमियात आहेत असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं. तुमच्या आत्या एचआयव्ही-टीबीच्या पेशंट व्हायच्या आधीपासून त्या ५७ मध्ये असतील. आता लोह द्यायचं. आतडंही आता ते घेईल. सेंटरला फेरिटिन दाखवा आणि रक्तस्राव कुठून होतोय ते शोधायला सांगा.

माळरान | ५ मे, दुपारी ३:२०

म्हणजे मी फेब्रुवारीत बरोबर होतो, फक्त तीन महिने लवकर. 😀

रानजाई | ७ मे, रात्री ९:४०

पाळीला आठ-आठ दिवस जातं. दोन वर्षं. कुणाला सांगितलं नाही, "या वयात असं होतंच" म्हणे. सोनोग्राफीत छोटा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ. पाच डॉक्टर, सतरा रिपोर्ट, आणि हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

लोहाची गोळी दुपारी तीनला, जेवून. डॉल्युटेग्रॅविर सकाळी आणि रात्री नऊला. चिंचगूळताई, सहा तास मोजून घेतलेत.

चिंचगूळ | ७ मे, रात्री १०:०५

शाब्बास. शौचाला काळं होईल, घाबरू नका म्हणावं. केशरी आणि काळं दोन्ही एकदम बघून काकू परत सुरू होतील.

रानजाई | १० ऑगस्ट, सकाळी ११:१०

टीबीचा कोर्स जुलैत संपला. जादा डॉल्युटेग्रॅविर पुढे दोन आठवडे घेतली, तीही थांबली. आता रात्रीची एकच टीएलडी आणि दुपारची लोहाची गोळी. वजन ४६. सीडी४ २१०, व्हायरल लोड सापडत नाही इतका कमी. फायब्रॉइडसाठी गोळ्या चालू आहेत, अंगावरून जाणं निम्मं झालंय.

हिमोग्लोबिन ११.४.

शेडवर परत जायला लागली. तीच शेड, त्याच बायका. मी म्हटलं, कुणी काही बोललं तर? म्हणाली, "बोलू दे, हात चालू असले की कान बंद असतात." काकूनं काल तिच्यासाठी अळिवाची खीर पाठवली.

टेस्टट्यूब | १० ऑगस्ट, सकाळी ११:२५

छान. एमसीव्ही लिहायचा राहिला.

रानजाई | १० ऑगस्ट, सकाळी ११:३०

८४.